सेल्फ लोडिंग मिक्सर डिझाईन करताना साईटवर काय काय बघावं लागलं

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाईनला आहे, बांधकामाच्या मशिनी बनवतो आम्ही. पूर्वी फक्त साधे मिक्सर आणि मटेरियल लिफ्ट होत्या, मग मालकांनी ठरवलं की सेल्फ लोडिंग मिक्सर काढायचा आणि ते काम आमच्या टीमवर आलं. बरेच जण विचारतात की डिझायनर म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल फिरवत बसत असशील ना, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आधी मशीन काय ते सांगतो. चार चाकांची गाडी, पाठीवर ड्रम, पुढे दोन आर्म आणि बकेट. बकेटने खडी, वाळू उचलायची, सिमेंटच्या गोण्या बकेटमध्येच फोडायच्या, माल ड्रममध्ये टाकायचा, पाणी सोडायचं, आणि ड्रम फिरत असतानाच गाडी जिथे काँक्रीट हवंय तिथे न्यायची. एका बाजूला फिरला की ड्रम माल मिसळतो, उलटा फिरवला की आतल्या सर्पिल पट्ट्या तोच माल बाहेर ढकलतात. शहरात आरएमसीचा, म्हणजे प्लांटमधून तयार काँक्रीटचा, ट्रक येतो, पण आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा व्हायला हवा, आणि पेठ सुरगाण्याकडे एखाद्या ओढ्यावर सिमेंट नाला बांध चाललाय, तिथे नाशिकहून ट्रक घाटातून, कच्च्या रस्त्याने, वेळेत पोचणार कसा? तिथे हे मशीन चालतं. त्यात आता सिंहस्थ २०२७ ची कामं सुरू झाल्यापासून रस्ते, गटारी, घाट सगळीकडे काँक्रीट पाहिजे, त्यामुळे मालकांना घाई.

मार्केटिंगकडून मागणी आली ती एका ओळीची, दोन घनमीटर काँक्रीट, अरुंद रस्त्यात वळली पाहिजे आणि बाजारातल्या पेक्षा स्वस्त. बास. आता काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो धरतात, म्हणजे नुसता माल ४.८ टन झाला, त्यावर ड्रम, चासी, इंजिन, आर्म, डिझेल, पाणी. म्हणून पहिले कित्येक दिवस कुठलंच मॉडेल बनत नाही, एक्सेलची शीट बनते, कुठल्या वस्तूचं वजन किती आणि ती मागच्या अ‍ॅक्सलपासून किती लांब, किती उंच. नवीन मुलं या शीटला कंटाळतात पण सगळी गाडी तिथेच ठरते.

या शीटमध्ये एक गंमत आहे जी मलाही कामाला लागल्यावरच कळली. ड्रम फिरत असताना आतला माल तळाशी मधोमध बसत नाही, फिरण्याच्या दिशेने एका बाजूला चढतो, म्हणजे गुरुत्वमध्य सतत एका अंगाला सरकलेला असतो. सपाट जमिनीवर काही वाटत नाही, पण उतारावर आडवी गाडी घेतली आणि उतार नेमका त्याच अंगाला असला तर गाडी उलटायला कमी कोन पुरतो. दुसऱ्या अंगाला तेवढाच उतार असला तर निभावतं. म्हणजे एकाच गाडीला डावीकडचा आणि उजवीकडचा सुरक्षित उतार वेगळा! आम्ही मग ड्रम खाली आणायच्या मागे लागलो, एकेक सेंटीमीटरसाठी चासीवाल्याशी भांडण, कारण ड्रम खाली आला की खालून पंप आणि शाफ्टला जागा उरत नाही.

पण हा झाला कागदाचा भाग. आमचे डिझाईन हेड, त्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी काय केलं की आर्मचं ड्रॉइंग सुरू करू दिलंच नाही. म्हणाले आधी साईटवर जाऊन बसा, दुसऱ्या लोकांच्या मशिनी चालताना बघा, आणि माहितीपत्रकात जे काम लिहिलेलं नाही ते काम मशीन करताना दिसलं की लिहून घ्या. मला तेव्हा वाटलं टाईमपास आहे. तर आम्ही दोघं तिघं जाऊन बसायचो, कधी सारूळच्या क्रशरकडे, कधी त्र्यंबक रोडच्या पुढे, कधी पेठ रोडला, टपरीवर चहा घ्यायचा आणि बघत राहायचं.

जे दिसलं ते असं. बकेटने वाळू भरायची हे तर आहेच, पण त्याच बकेटने मुरूम सपाट करतात, वरून बकेट आपटून ठोकून बसवतात. ट्रॅक्टरची ट्रॉली चिखलात रुतली की बकेट लावून ढकलतात. सळईचा बंडल साखळीने बकेटला बांधून उचलतात. बकेटमध्ये माणूस उभा करून वरच्या बीमचं सेंटरिंग ठोकतात, हे तर इतकं सर्रास की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही. खडीचा ढीग पावसात भिजून घट्ट झाला की बकेटचा एकच कोपरा खुपसून उचकटतात. आणि संध्याकाळी काम संपलं की ड्रम धुवायचा कंटाळा, राहिलेला माल आतच वाळतो.

एका ऑपरेटरला मी विचारलं, "दादा, अशी ट्रॉली ढकलल्यावर आर्म वाकत नाही का?" तो म्हणाला, "वाकतो ना. वाकला की मुकादम वेल्डरला बोलावतो. पण साहेब, ट्रॉली नाही ढकलली तर आजचा माल कोण आणणार?" आता याला उत्तर काय द्यायचं. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे, साईटवर तेवढं एकच मशीन आहे आणि त्याला ताकद आहे, मग ते सगळी कामं करणारच.

परत आल्यावर सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. एकात असा वापर जो आपण सोसायचा, म्हणजे मशीन तेवढं मजबूत करायचं. दुसऱ्यात असा वापर जो मशीननेच होऊ द्यायचा नाही. तिसऱ्यात असा की ज्यात मशीनचं नुकसान होईल पण स्वस्तातला पार्ट तुटेल आणि महागाचा वाचेल. माझं मत विचाराल तर डिझाईन म्हणजे हे तीन रकानेच, बाकी मॉडेलिंग काय कुणीही शिकतो. कुठलं काम कुठल्या रकान्यात टाकायचं यावर आमचे इतके वाद झाले की सर्व्हिसवाला आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो.

ट्रॉली ढकलणं आम्ही पहिल्या रकान्यात टाकलं, कारण ते कुणी थांबवू शकत नाही. आता यात हायड्रॉलिकचा एक मुद्दा आहे तो जरा नीट सांगतो. आर्म उचलायचा सिलिंडर ८० मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, धरा, क्षेत्रफळ साधारण ५० चौ.सेंमी, प्रेशर २०० बार, म्हणजे एक सिलिंडर जवळपास १० टन ढकलतो, दोन असले की २०. ऐकून वाटेल अरे बापरे, पण सिलिंडर आर्मच्या पिव्हटजवळ लागतो आणि बकेट लांब टोकाला, त्यामुळे बकेटवर त्यातला थोडाच हिस्सा पोचतो. पण हाच हिशोब उलट्या दिशेने फार वाईट लागतो. बकेट ट्रॉलीला टेकवली, लिव्हर मधे आहे, व्हॉल्व्ह बंद, तेल सिलिंडरमध्ये अडकलेलं, आणि ऑपरेटरने गिअर टाकून गाडी पुढे रेटली. आता जोर बाहेरून येतोय, अडकलेल्या तेलाचं प्रेशर चढतच जातं आणि मेन रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारा, त्याला काही करू शकत नाही कारण तो पंपाच्या बाजूला बसलाय, बंद दाराच्या पलीकडे. होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटते नाहीतर सिलिंडरचा रॉड वाकतो. त्यासाठी सिलिंडरच्या लाईनवर वेगळा पोर्ट रिलीफ लागतो, प्रेशर ठराविक आकड्याच्या वर गेलं की तो थोडं तेल टाकीकडे सोडतो आणि आर्म जरासा मागे येतो. परचेसवाल्यांचा प्रश्न होता की हा व्हॉल्व्ह नाही लावला तर मशीन चालतं का? चालतं. पहिली ट्रॉली येईपर्यंत चालतं.

बकेटमधला माणूस मात्र दुसऱ्या रकान्यात, त्यावर कुणाचा वाद नव्हता. पण मशीनला कसं कळणार की बकेटमध्ये माणूस आहे का माती? नाही कळत. मग होज फुटली तरी आर्म धाडकन खाली येऊ नये म्हणून सिलिंडरवरच होज बर्स्ट व्हॉल्व्ह दिला, आणि सीट स्विच दिला की ऑपरेटर सीटवर नसेल तर आर्मचा लिव्हर चालणार नाही. सीट स्विचचं पुढे काय होतं तेही सांगतो, ऑपरेटर सीटवर पाण्याचा कॅन ठेवून खाली उतरतो. आता काय बोलणार! म्हणून स्विच नुसता दाबलेला असून भागत नाही, लॉजिक असं केलं की मशीन चालू केल्यावर एकदा तरी सीट रिकामी आणि मग भरलेली दिसली पाहिजे. कॅन कायमचा ठेवून दिला तर लिव्हर उघडतच नाही. याच्यावरही कुणीतरी जुगाड काढेलच, पण निदान तो काढायला वेळ लागेल.

ड्रमचं तर मला अजून टेन्शन येतं. आत वाळलेलं काँक्रीट फोडायला माणूस हातोडा नाहीतर छोटा ब्रेकर घेऊन ड्रममध्ये उतरतो. तो आत असताना कुणी मशीन चालू केलं तर विचारच करवत नाही. आधी आमच्या डोक्यात होतं की मॅन्युअलमध्ये लिहू, लाल स्टिकर लावू. सर म्हणाले स्टिकरवर दुसऱ्या महिन्यात सिमेंट बसतं, त्यानंतर तो वाचणार कोण. मग ड्रमच्या झाकणाला चावी लावली, तीच चावी ड्रम चालू करायच्या पॅनेलला. झाकण उघडायचं तर चावी पॅनेलमधून काढावी लागते, ती काढली की ड्रमच्या मोटरचा सप्लाय कट. खर्च फार नाही, पण ही एक गोष्ट मी कुठल्याच कॉस्ट कटिंगमध्ये हलू देत नाही. आतल्या पट्ट्यांचा आकारही आम्ही बदलला, जिथे पट्टी ड्रमला काटकोनात जुळते तिथे माल चिकटून राहतो, तो कोपरा थोडा गोल केला की धुताना बराचसा निघून येतो.

आता आर्मच्या क्रॅकबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथे मिळालं.

प्रोटोटाईप बनला. आमच्याकडे एक वेल्डर मामा आहेत, हात असा की वेल्ड बघत राहावं. सॉफ्टवेअरवर आर्मचं अ‍ॅनालिसिस झालेलं, बकेटच्या एकाच कोपऱ्यावर लोड येतो ती केससुद्धा धरलेली, सगळीकडे स्ट्रेस मटेरियलच्या यील्डच्या, म्हणजे ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं त्याच्या, खाली. प्लेट ई३५० ग्रेडची, म्हणजे यील्ड ३५० मेगापास्कल. मशीन खदानीत ट्रायलला लावलं, मुद्दाम कडक खडीच्या ढिगात आणि मुद्दाम असा ऑपरेटर दिला की जो मशीनवर दया करत नाही. काही आठवड्यांनी दोन आर्मना जोडणारी जी आडवी नळी असते तिच्या वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, मारून बघितलं तर क्रॅकच.

ट्रायल असतं यासाठीच, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं, पण मीटिंगमध्ये जो तो आपला उपाय घेऊन आला. प्रॉडक्शनचं म्हणणं प्लेट जाड करा. कुणीतरी म्हणालं हाय टेन्साईल स्टील वापरा. मामांकडे तर सगळे असे बघत होते जसं काही त्यांचंच वेल्डिंग खराब. मामा शांतपणे म्हणाले, "क्रॅक वेल्डच्या पोटात नाहीये, कडेला आहे. माझा मणी अजून शाबूत आहे, बघा." मणी म्हणजे वेल्डची उंचावलेली रेघ, आणि ते अगदी खरं होतं.

मजा अशी आहे की वारंवार कमी जास्त होणाऱ्या लोडखाली वेल्डचा जोड किती टिकेल हे स्टील किती भारी आहे यावर जवळजवळ ठरतच नाही. वेल्डच्या कडेला जी बारीक खाच पडते आणि वेल्ड थंड होताना जो ताण आत राहून जातो, क्रॅक तिथूनच सुरू होतो, मग प्लेट साधी असो का दुप्पट ताकदीची. ठरतं ते कशावर तर त्या जागी स्ट्रेस किती वर खाली होतो यावर, आणि हिशोब घनाचा आहे, स्ट्रेसची ही रेंज अर्धी केली की आयुष्य आठपट. रेंज एक तृतीयांश कमी केली तरी साधारण तिपटीच्या वर जातं. म्हणून यील्डच्या खाली आहे म्हणजे पास, हे एकदाच लोड येणाऱ्या वस्तूला ठीक, दिवसाला शेकडो वेळा ढिगात घुसणाऱ्या आर्मला नाही. भारी स्टील घेऊन प्लेट पातळ केली असती तर उलट क्रॅक लवकर आला असता, कारण पातळ प्लेटमध्ये स्ट्रेस वाढतो आणि वेल्ड आहे तिथेच.

मग आम्ही त्या भागावर स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला जातो ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवले आणि डेटा लॉगर घेऊन परत खदानीत. धूळ इतकी की लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा. तिथे दिसलं की सगळ्यात मोठा झटका खडी उचलताना येतच नाही, तो येतो बकेटचा कोपरा घट्ट ढिगात अडकल्यावर ऑपरेटर स्टिअरिंग फिरवून तो सोडवतो तेव्हा. एक आर्म पुढे, एक मागे, आणि मधली नळी पिळली जाते. स्टिअरिंगवाला हा प्रकार आमच्या यादीत नव्हता, साईटवरही दिसला नव्हता कारण बाहेरून बघताना ते कळतच नाही, फक्त गाडी जरा हललेली दिसते.

उपाय शेवटी प्लेट न वाढवता झाला. आधी नळी आर्मच्या प्लेटला नुसती टेकवून बाहेरून वेल्ड केलेली होती. ती आरपार घेतली, प्लेटमध्ये भोक पाडून नळी पलीकडे काढली आणि दोन्ही अंगांनी वेल्ड. वरून एक सपोर्टची पट्टी ऐन ताण येणाऱ्या कडेवर संपत होती, ती लांबवून जिथे ताण कमी आहे तिथे निमुळती करून संपवली. आणि मामांनी सांगितलं की वेल्डची कडा ग्राइंडरने गुळगुळीत करून देतो, पण ग्राइंडिंगच्या रेघा ताणाच्या दिशेने पाहिजेत, आडव्या नकोत. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, मामांनी बहुतेक नाही, पण त्यांना माहीत होतं. ड्रॉइंगवर आता तशी नोट आहे, बाणासकट.

बाकीचं भराभर सांगतो. वजनकाटा दिला, लोड सेलवर, म्हणजे वजनाच्या सेन्सरवर, कारण आयएस ४५६ मध्ये सिमेंट मोजताना दोन टक्के आणि खडी, वाळू, पाणी मोजताना तीन टक्क्यांच्या आत अचूकता मागितली आहे, बकेट मोजून ते जमत नाही. पण काटा असला तरी ओल्या वाळूचं काय? दोन घनमीटरला साधारण १४०० किलो वाळू, तिच्यात पाच टक्के ओल असली तर ७० लिटर पाणी आधीच आलं. ऑपरेटरने मीटरप्रमाणे पूर्ण पाणी सोडलं की माल पातळ आणि स्ट्रेंग्थ गेली. म्हणून डिस्प्लेवर वाळू कोरडी, ओली, भिजलेली अशी तीन बटणं ठेवली. टक्केवारी टाकायला दिली असती तर कुणी टाकली नसती, हे माझं मत, इंजिनिअर लोकांना नाही आवडलं.

तेल गरम होण्याचा त्रास उन्हाळ्यात. एप्रिल मे मध्ये इकडे चाळिशी गाठते, मालेगावकडे त्याहून जास्त, त्यात ड्रमची हायड्रॉलिक मोटर दिवसभर फिरत असते. कूलर आम्ही आधी पुढे ठेवलेला, तिथे गोणी फोडताना उडणारं सिमेंट थेट जाळीत. सिमेंट आणि तेलाचा ओशटपणा एकत्र झाला की जाळी लिंपून टाकल्यासारखी. कूलर बाजूला उंच नेला आणि हवा स्वच्छ बाजूने ओढली, तेवढ्यानेच टेंपरेचर बरंच उतरलं.

इंजिनचं सांगायचं तर १ जानेवारी २०२५ पासून अशा चाकांच्या मशिनींना सीईव्ही स्टेज फाईव्हचे, म्हणजे बांधकामाच्या वाहनांच्या धुराचे, नियम लागले. ५६ किलोवॉटच्या आत राहिलं की नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा जरा सैल असते, त्यामुळे बहुतेक जण तिथेच थांबतात आणि हा वायू कमी करायला लागणारी युरियाची टाकी टाळतात, आम्हीही. पण काजळीचा फिल्टर टळत नाही, आणि तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. आपलं मशीन मात्र तासन् तास कमी आरपीएमवर नुसता ड्रम फिरवत उभं, एक्झॉस्ट तापणार कधी? शेवटी फिल्टर इंजिनच्या अगदी जवळ बसवला, पाइपला गुंडाळी केली, आणि साफसफाई चालू असताना ऑपरेटरने मशीन बंद करू नये म्हणून डिस्प्लेवर मराठी हिंदीत मेसेज. पुण्याला टेस्टिंग, ब्रेक, लाईट, आवाज, ती कागदपत्रं हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायचा मला आत्ता उत्साह नाही.

सध्या वाद चाललाय हुकचा. सळईचा बंडल बकेटला साखळी बांधून उचलतात हे वर सांगितलं, साखळी बकेटच्या दातांवरून घसरते आणि बंडल खाली. सर्व्हिसवाल्याचं म्हणणं की आपण हुक दिला तर आपणच क्रेनचं काम मान्य केल्यासारखं होईल, उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात. माझं म्हणणं की ते उचलणारच आहेत, मग निदान बरोबर जागी, कुलूप असलेला हुक द्या, त्यावर किलोचा आकडा कोरा आणि तेवढ्याच वजनाला आर्म थांबेल असं प्रेशर सेट करा. सर दोघांचं ऐकून घेतात आणि काही बोलत नाहीत. ड्रॉइंग मी करून ठेवलंय, रिव्हिजन शून्य, अप्रूव्हलचा रकाना रिकामा आहे.